नव्या डेंटिस्टने आठ-दहा दातांचं काम काढलंय? होकार देण्याआधी दातवार पडताळणी अशी करा

एक दाढ दुखते म्हणून नवीन दवाखान्यात जावं आणि बाहेर पडताना हातात कागद असावा: तीन रूट कॅनाल, पाच कॅप, चार फिलिंग, डीप क्लिनिंग, दोन अक्कलदाढा काढणे. खाली एकूण रक्कम, सहा आकडी. इथून पुढे बहुतेकांच्या हातून दोनपैकी एक चूक होते. काहीजण बसल्या जागी ॲडव्हान्स भरून मोकळे होतात, कारण ‘आज भरलेत तर वीस टक्के कमी’. काहीजण ‘सगळे लुटायलाच बसलेत’ म्हणत कागद ड्रॉवरमध्ये टाकतात, आणि त्यातली जी एक दाढ खरंच वाचवायला हवी होती ती वर्षभराने काढून टाकावी लागते.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. कागदावर दहा कामं असली तरी माणूस स्वतःला एकच प्रश्न विचारतो: डॉक्टर खरा की खोटा? हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर मिळत नाही आणि मिळायची गरजही नाही. खरे प्रश्न दहा आहेत, दरेक दाताचा वेगळा, आणि त्यातल्या बहुतेकांची उत्तरं एक्स-रे आणि खुर्चीवर होणाऱ्या तीन-चार साध्या चाचण्यांतून निघतात. खालच्या क्रमाने गेलात तर साधारण दोन आठवड्यांत निर्णय होतो.

## आधी हे पाहा: थांबायला वेळ आहे का?

गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय, यातलं काहीही असेल तर हा लेख नंतर वाचा. रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा. दातातला पस गळ्यात उतरला तर जिवावर बेतू शकतं.

रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल तर त्या एका दाढेचं काम लगेच सुरू करा. तिच्यासाठी दुसऱ्या मताची वाट पाहू नका. बाकीच्या नऊ दातांना मात्र दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. कीड महिन्या-वर्षांच्या हिशोबाने वाढते, दिवसांच्या नाही.

> लक्षात ठेवा: वेदनाशामक गोळीने किंवा अँटिबायोटिकने ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. आतली नस मेली की दुखणं आपोआपच थांबतं, आणि पुढे मुळाशी पस धरतो.

## टप्पा १: खुर्चीवरून उठण्याआधी

डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवलेलं बरं: “डॉक्टर, आज दुखणाऱ्या दाढेचंच बघू. बाकीचं दातवार लिहून द्या, घरी बोलून कळवतो.” एवढं पुरतं. कारण सांगायची गरज नाही. सरळ डॉक्टरला या वाक्याचा राग येत नाही.

बाहेर पडताना या चार गोष्टी बरोबर हव्यात:

१. लेखी प्लॅन, दाताच्या नंबरासह. ‘चार कॅप’ असं लिहिलेला कागद चालणार नाही. कोणत्या दाताला काय, कोणत्या मटेरियलचं, किती रुपये, असं हवं.

२. सगळे एक्स-रे. छोटे एका-दोन दातांचे, आणि ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एकत्र एक्स-रे, काढला असेल तर तोही. फाइल व्हॉट्सॲपवर घेणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून आली की ती दाबली जाते आणि नेमकी बारीक सावली पुसट होते. संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो तर जवळपास निरुपयोगी. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय स्कॅन, असेल तर अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, नुसता छापील कागद नको.

३. हिरड्यांची मापं, डीप क्लिनिंग किंवा हिरडीची सर्जरी सांगितली असेल तर.

४. तोंडातल्या कॅमेऱ्याचे फोटो, दाखवले असतील तर.

एक्स-रेचे पैसे तुम्ही दिलेत, ते मागायला संकोच कसला? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत आपली कागदपत्रं मिळण्याचा आणि दुसरं मत घेण्याचा, असे दोन्ही हक्क आहेत. ‘आम्ही एक्स-रे देत नाही’ असं उत्तर आलं तर त्या जागी पुढचं काम करायचं की नाही याचा निम्मा निर्णय तिथेच झाला.

जाता जाता भिंतीवरचा किंवा लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक टिपून घ्या. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक डेंटिस्टची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असावी लागते, गोव्यातही तशीच. आणि प्लॅन समजावून सांगणारी व्यक्ती डेंटिस्टच आहे ना, हे पाहा. काही ठिकाणी हे काम ‘ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर’ करतात. पैशांचं त्यांच्याशी बोला, दातांचं डॉक्टरशीच.

> इशारा: ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या फॉर्मवर त्या दिवशी सही करू नका. फायनान्स कंपनी पूर्ण रक्कम दवाखान्याला देऊन मोकळी होते. तुमचा करार कंपनीशी असतो. मध्येच मन बदललं, डॉक्टर सोडून गेले किंवा दवाखाना बंद पडला तरी हप्ते चालूच राहतात.

## टप्पा २: दात ओळखा

प्लॅनवरचे ३६, ४७ हे आकडे गूढ नाहीत. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो: १ म्हणजे वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मधल्या दातापासून मोजत गेल्यावर कितवा. म्हणजे ३६ ही खाली डावीकडची पहिली मोठी दाढ, ११ हा वरचा उजवा मधला दात, आणि शेवटी ८ असेल तर अक्कलदाढ. डावं-उजवं तुमचं, समोर उभ्या डॉक्टरचं नाही. ओपीजीवर मात्र चित्राच्या डाव्या हाताला तुमची उजवी बाजू असते. इथे घोळ होतो आणि माणूस भलत्याच दातावरून वाद घालतो.

वहीचं पान आडवं धरून सहा रकाने आखा: दाताचा नंबर, मला काय त्रास आहे, डॉक्टरने काय पुरावा दाखवला, काय सांगितलं, सहा महिने थांबलो तर काय होईल, खर्च. प्रत्येक दाताला एक ओळ. दुसरा रकाना आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून स्वतः भरा. तिसरा रकाना किती ओळींत कोरा राहतो ते बघा. सगळी मेख तिथेच आहे.

## टप्पा ३: कोणत्या कामाला कोणता पुरावा लागतो

### फिलिंग

दोन दातांच्या मधली कीड ओपीजीवर भरवशाने दिसत नाही. त्यासाठी ‘बाइटविंग’ नावाचा छोटा एक्स-रे लागतो, ज्यात वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकत्र दिसतात. नुसत्या ओपीजीवरून ‘मधे मधे आठ ठिकाणी कीड आहे’ असं सांगितलं असेल तर बाइटविंग काढून मागा.

एक्स-रेवर दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, सर्वांत पांढरं दिसतं. त्याच्या आतला थर, डेंटिन, करडा. मधली नस काळपट. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्याच्या जरा खाली एनॅमलमध्ये काळसर त्रिकोणी खाच दिसली तर ती कीड. ती एनॅमलमध्येच असेल आणि खड्डा पडलेला नसेल तर सहसा ड्रिल लावत नाहीत. फ्लोराइड, फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रश, गोडाच्या वेळा कमी करणं आणि काही महिन्यांनी पुन्हा बाइटविंग, एवढं पुरतं. सावली डेंटिनमध्ये शिरली की फिलिंगचं बोलणं योग्य.

काही गोष्टी कीड नसून किडीसारख्या दिसतात, आणि घाईत त्या यादीत चढतात:

दाताच्या मानेशी, हिरडीलगत, एक्स-रेवर काळसर पट्टा दिसतो. क्ष-किरण तिथे कमी अडतात म्हणून तो दिसतो, दरवेळी कीडच असते असं नाही. जुन्या फिलिंगचं काही मटेरियल एक्स-रेवर काळंच दिसतं. दाढेच्या घळीतला काळा डाग वर्षानुवर्षं तसाच असेल आणि खाली खड्डा नसेल तर तो निव्वळ डाग असू शकतो. मिश्री, तंबाखू आणि चहा यांनी घळी काळ्या होतातच. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर अशा भागांत ज्यांचं लहानपण विहिरी-बोअरच्या पाण्यावर गेलं, त्यांच्या दातांवर पाण्यातल्या फ्लोराइडचे पांढरे-तपकिरी पट्टे असतात. ते दोन्ही बाजूंच्या दातांवर जोडीने दिसतात. ती कीड नाही. त्यावर व्हीनिअर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची पातळ आवरणं) सांगितले असतील तर ते काम दिसण्यासाठीचं आहे, हे ओळखून पैसे ठरवा.

तोंडातल्या कॅमेऱ्याबद्दलही सांगायला हवं. पडद्यावर मोहरीएवढा डाग विहिरीएवढा दिसतो. कॅमेरा चांगलाच आहे, पण तो पुरावा म्हणून एक्स-रेच्या जोडीने हवा, एकटा नाही.

### रूट कॅनाल

इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून सावकाश वाचा. रूट कॅनालचा निर्णय फक्त एक्स-रेवरून होत नाही. निदान तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

त्रास कसा आहे? गारेगार पाणी लागल्यावर सणक येऊन काही सेकंदांत जात असेल तर नस बहुधा वाचण्यासारखी आहे. पाणी गिळून झाल्यावरही अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ ठणकत राहत असेल, काही न खाता-पिता आपोआप दुखत असेल, रात्री जाग येत असेल, तर नस गेल्यात जमा.

थंड चाचणी. कापसाच्या बोळ्यावर अतिथंड स्प्रे मारून तो दातावर टेकवतात. आधी शेजारच्या चांगल्या दातावर, मग संशयित दातावर, म्हणजे तुलना होते. काहीच कळलं नाही तर नस मेलेली असू शकते. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. प्लॅनमध्ये चार रूट कॅनाल आहेत आणि एकाही दाताला थंड लावून पाहिलेलं नाही, तर तो प्लॅन अर्धवट आहे.

ठोकून पाहणं आणि त्या दाताचा छोटा एक्स-रे. मुळाच्या टोकाभोवती काळं वर्तुळ आहे का? एक सावधगिरी: खालच्या छोट्या दाढांच्या, म्हणजे ३४-३५ आणि ४४-४५ यांच्या, मुळांच्या टोकापाशी जबड्याच्या हाडात नसेचं नैसर्गिक छिद्र असतं. एक्स-रेवर ते पसासारखंच दिसतं. तिथे थंड चाचणी निर्णायक ठरते. नस जिवंत असेल तर ते छिद्रच समजायचं.

कीड नसेच्या जवळ पोचली आहे पण आपोआप दुखत नाही आणि थंडाची सणक लगेच जाते, अशा दाढेत दरवेळी थेट रूट कॅनालच हवं असं नाही. नसेवरची थोडी कीड मुद्दाम ठेवून किंवा नसेवर औषधी सिमेंट घालून ती वाचवायचा प्रयत्न करता येतो. यश हमखास नाही, पण विचारण्यासारखा पर्याय नक्की आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. ‘दुखत नाही, मग कशाला?’ हा युक्तिवाद टिकत नाही. थंडाला उत्तर नाही आणि मुळाशी काळं वर्तुळ, अशा न दुखणाऱ्या दाढेला उपचार हवाच.

> तपासून घ्या: ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा कॅपसाठी निरोगी दातांचं ‘आधीच रूट कॅनाल करून घेऊ, पुढे त्रास नको’ असं सांगितलंय का? नस जिवंत आणि ठणठणीत असेल तर कारण नीट विचारा. दात खूप कलता असला तर कारण असू शकतं, सरसकट नाही.

### कॅप

कॅपसाठी दात चारही बाजूंनी आणि माथ्यावरून साधारण १ ते २ मिलिमीटर घासतात. ते परत येत नाही. फिलिंग चुकलं तर बदलता येतं, घासलेला दात पूर्ववत होत नाही, म्हणून या रकान्यात पुरावा सर्वांत कडक मागा.

रूट कॅनाल झालेल्या दाढेला कॅप बहुधा लागते, आणि ती लांबवूही नये. चावताना अशी दाढ उभी चिरली तर काढण्याशिवाय इलाज राहत नाही. पुढच्या दाताला रूट कॅनालनंतर फारशी झीज नसेल तर नुसतं फिलिंगही चालतं. दाढेचा मोठा भाग जुन्या फिलिंगने व्यापलाय आणि एक टोक तुटलंय, तर कॅप किंवा ऑनले (दाढेचा फक्त माथा झाकणारी अर्धी कॅप) रास्त.

‘दातात क्रॅक आहे’ म्हणून पाच कॅप? चाळिशीनंतर बहुतेकांच्या एनॅमलवर बारीक रेषा असतातच. बाजूने टॉर्च मारला आणि उजेड पूर्ण दातातून आरपार गेला तर ती वरवरची रेषा. उजेड रेषेपाशी अडला आणि पलीकडचा भाग अंधारा राहिला तर चीर खोल. दाढेच्या एकेका टोकावर काडी ठेवून चावल्यावर, विशेषतः चावा सोडताना, कळ आली तर संशय पक्का. यातलं काहीच नसेल तर कॅपची घाई नको.

झिरकोनिया या दातासारख्या पांढऱ्या मटेरियलची ‘१५ वर्षं वॉरंटी’ कॅपची असते, आतल्या दाताची नव्हे. कडेने पुन्हा कीड लागली तर कार्ड उपयोगाचं नाही.

### डीप क्लिनिंग आणि हिरड्या

मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून प्रत्येक दाताची सहा ठिकाणी खोली मोजतात. १ ते ३ ठीक. ४ किंवा त्यापुढे, रक्त येतंय आणि एक्स-रेवर हाड खाली गेलेलं दिसतंय, तर मुळापर्यंतची सफाई योग्य. मापं घेतलीच नसतील तर डीप क्लिनिंग कोणत्या दातांना, हे ठरलं कशावरून? साधं स्केलिंग (दातांवरचा कडक थर, म्हणजे टार्टर, काढणं) आणि दोन आठवडे नीट ब्रश, मग पुन्हा मापं, हा स्वस्त मार्ग आधी विचारा. हिरडीची सर्जरी किंवा लेझर तर खोल सफाईनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजूनच ठरवायची असते. पहिल्याच दिवशीच्या कोटेशनमध्ये ती असू नये.

स्केलिंगने दात हलतात ही समजूत सोडा. टार्टरच्या थराने धरून ठेवलेले दात आधीच हललेले असतात.

### अक्कलदाढ

वारंवार सुजणं, तिला किंवा पुढच्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड, मागे हिरडी आणि दातामधली खोल फट (पॉकेट), हाडातली पाण्याची गाठ (सिस्ट): ही काढण्याची कारणं. ‘आडवी आहे म्हणून’ किंवा ‘पुढचे दात वाकडे होतील म्हणून’ हे कमजोर कारण. ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेने २००० सालीच, काही आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असं सांगितलं. मात्र तशीच ठेवायची तर अधूनमधून तपासून घ्यायची.

### जुनी चांदी, पडलेले दात, दिसणं

चांदीच्या फिलिंगमध्ये पारा असतो, म्हणून चांगलं टिकलेलं फिलिंग उकरून काढायची गरज नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचाही २०२० मधला सल्ला असाच आहे. कड तुटली किंवा खाली कीड शिरली तर बदला.

पडलेल्या दाताला इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा दात), ब्रिज, काढता-घालता येणारा दात, आणि काहीच न करणं, असे चार पर्याय असतात. चारही सांगितले गेले का? इम्प्लांटआधी मधुमेहींनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, करून घ्यावी, आणि तंबाखू-सिगारेट असेल तर ते लपवू नये. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन घेत असाल तर दात काढण्याआधीही सांगा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

लहान मुलांच्या दुधाच्या दातांसाठी एक प्रश्न पुरतो: हा दात पडायला किती अवकाश आहे? पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, दाढा दहा ते बाराव्या वर्षी. पाच वर्षांच्या मुलाच्या दाढेला उपचार हवा, अकराव्या वर्षी हलणाऱ्या दाढेला स्टीलची कॅप नको.

## टप्पा ४: तीन ढीग

तक्ता भरून झाला की ओळी तीन गटांत वाटा. समजा प्लॅन असा आहे:

३६ चं जुनं फिलिंग तुटलंय, थंड पाणी प्यायल्यावर मिनिटभर ठणकते. ४६ चं पाच वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं, कॅप बसवलीच नाही. १६ आणि १७ च्या मधे एनॅमलपुरती सावली. ४७ च्या घळीत काळा डाग. ३८ अक्कलदाढ हाडात आडवी, कधी त्रास नाही. ११ चा कोपरा लहानपणी उडालेला. सगळीकडे टार्टर.

यात आता करायचं: ३६. महिन्या-दोन महिन्यांत: स्केलिंग, मग ४६ ची कॅप. नजर ठेवायची: १६, १७, ४७, ३८. उरलेला ११ हा हौसेचा विषय, पैसे असतील तेव्हा. कागदावर सहा कामं आणि सफाई होती. तातडीचं निघालं एक.

ढीग ठरवताना कसोटी एकच लावा: थांबल्याने होणारं नुकसान भरून येण्यासारखं आहे का, आणि काम केल्याने होणारं?

## टप्पा ५: दुसरं मत

दुसरं मत बहुतेकजण चुकीच्या तऱ्हेने घेतात. पहिला कागद टेबलावर ठेवून विचारतात, “हे बरोबर आहे का?” मग समोरचा डॉक्टर एकतर त्याच यादीवर मान हलवतो, नाहीतर ‘मी निम्म्यात करतो’ म्हणतो. दोन्हींतून काही कळत नाही. योग्य क्रम असा:

१. फक्त एक्स-रे न्या, प्लॅन घरी ठेवा. नवीन एक्स-रे टाळता येतील.

२. सुरुवातीलाच सांगा: “मला फक्त तपासणी आणि मत हवंय, फी घ्या. काम दुसरीकडे करणार आहे.” यादी वाढवण्यातलं आर्थिक कारण इथे संपतं.

३. “तुम्हाला काय काय दिसतंय?” असं मोकळं विचारा आणि दाताच्या नंबरासह लिहून घ्या.

४. त्यांचं संपल्यावर शंकेचा एखादा दात काढा: “३५ कसा वाटतो?”

कोणाकडे जायचं हे मोठ्या खर्चाच्या कामावरून ठरवा. रूट कॅनालची शंका एंडोडॉन्टिस्टकडे, हिरड्यांची पेरिओडॉन्टिस्टकडे. सगळंच संशयास्पद वाटत असेल तर डेंटल कॉलेज गाठा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. आधी ओरल मेडिसिन विभागात तपासणी होते, तिथून बाकीच्या विभागांकडे पाठवतात. विद्यार्थी तपासतात म्हणून नाक मुरडू नका, फक्त शेवटी वरिष्ठांना दाखवायला सांगा. अर्धा दिवस जातो, हे धरून चला.

> इशारा: दाढ उघडून आत औषध भरलेल्या अवस्थेत दुसरं मत शोधत फिरू नका. तात्पुरतं फिलिंग गळलं की आत लाळ-जंतू जातात. सुरू झालेलं रूट कॅनाल आधी पूर्ण करा, मग बाकीच्यांचं बघा.

## टप्पा ६: दोन याद्या शेजारी ठेवल्यावर

जे दात दोन्ही याद्यांत आहेत त्यांचा प्रश्न संपला. फरक पडतो तो बहुतेक ‘आत्ता भरू’ आणि ‘बघत राहू’ यांत, आणि असा फरक दोन प्रामाणिक डॉक्टरांतही पडतो. अशा दाताबाबत थांबणं बहुधा सुरक्षित, पण अट अशी की पुढच्या तपासणीला तुम्ही खरंच जाल. पाच वर्षांतून एकदा दवाखाना पाहणाऱ्याने ‘बघत राहू’ निवडणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

एकाने जिवंत म्हटलेली नस दुसऱ्याने मेलेली ठरवली असेल तर मतांची बेरीज करत बसू नका. थंड चाचणी पुन्हा करून घ्या.

‘जुन्या डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी काहीच सांगितलं नव्हतं’ हा मुद्दाही तपासून वापरा. मोठ्या माणसात सहा महिन्यांत आठ दात सहसा किडत नाहीत. पण जुन्या डॉक्टरांनी बाइटविंग काढलेच नसतील, किंवा मधल्या काळात तोंड कोरडं पाडणारी औषधं सुरू झाली असतील, तर नवा डॉक्टर बरोबर असू शकतो. जुने एक्स-रे मागवून शेजारी ठेवा.

दवाखान्याचा थाट, एसी, कॉफी यांवरून काहीच ठरत नाही. स्वस्ताईवरूनही नाही. सोसायटीतल्या मोफत शिबिरातून आलेली यादी मात्र टप्पा १ पासून पूर्ण तपासा, कारण तिथे बहुधा एक्स-रे नसतोच.

## टप्पा ७: क्रम, पैसे आणि काम चालू असताना

क्रम असा: दुखणारा दात, मग न वाचणारे दात काढणं, सफाई, फिलिंग आणि रूट कॅनाल, हिरड्या पुन्हा मोजणं, मग कॅप-ब्रिज, शेवटी इम्प्लांट आणि दिसण्याची कामं. सुजलेल्या हिरडीवर कॅपचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर कड उघडी पडते, आणि कीड तिथूनच शिरते.

पैसे दाताप्रमाणे द्या, पॅकेजप्रमाणे नको. पहिल्या दाताचं काम पाहून पुढचं. रूट कॅनाल करताना दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात का, काम संपल्यावर एक्स-रे दाखवतात का, आणि त्यात भरण मुळाच्या टोकाच्या दोनेक मिलिमीटरपर्यंत पोचलंय का, एवढं बघा. आरोग्य विम्याच्या भरवशावर राहू नका. अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसींत दातांचा ओपीडी खर्च बसत नाही.

परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्यांनी सगळं एकाच फेरीत उरकायचा हट्ट धरू नये. पहिल्या चार दिवसांत तपासणी आणि रूट कॅनाल, कॅप शेवटच्या आठवड्यात, आणि उडण्याआधी चावा जुळवून घ्यायला निदान तीन दिवस शिल्लक. इम्प्लांट हाडात रुजायला काही महिने लागतात. त्याची दुसरी फेरी आधीच धरा, नाहीतर तिथल्या डेंटिस्टसाठी कंपनी, मॉडेल आणि साइज लिहिलेलं स्टिकर मागून घ्या.

नजर ठेवायच्या ढिगातल्या दातांसाठी ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का ते पाहा. भारतात १००० पीपीएमपर्यंत असतं, आणि अनेक ‘हर्बल’ पेस्टमध्ये मुळीच नसतं. रात्री ब्रश झाल्यावर थुंका, चूळ भरू नका. मोबाइलमध्ये सहा महिने ते वर्षभरानंतरचं रिमाइंडर दाताच्या नंबरासह लावा: ‘१६-१७ बाइटविंग, जुना बरोबर नेणे’.